शाळा सोडल्याचा दाखला

आमच्या धंद्यात नोकरी सोडण्याला 'स्विच मारणं' म्हणतात. पंख्याचं बटण दाबावं इतकं हलकं क्रियापद. शेवटच्या दिवशी ऑफिसात केक कापतात, लिंक्डइनवर एक पोस्ट पडते, तिच्याखाली अभिनंदनांची रांग लागते. तू गेल्यावर आपल्या युजरचं काय होणार, असं कुणी विचारत नाही.

शिक्षकानं नोकरी सोडली की वेगळे शब्द बाहेर पडतात. 'मुलांना वाऱ्यावर सोडलं.' 'पैशाच्या मागे लागली.' 'झेपलं नाही बिचारीला.' राजीनाम्याचा कागद दोघांचाही सारखाच, पण इंजिनिअरच्या राजीनाम्यावर करिअरची चर्चा होते आणि शिक्षकाच्या राजीनाम्यावर चारित्र्याची.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. 'शिक्षकी हा पवित्र पेशा आहे' हे वाक्य आज महाराष्ट्रात मुख्यतः एका कामासाठी वापरलं जातं. शिक्षकानं कमी पैशात, जास्त वेळ, तोंड न उघडता राबावं आणि जातो म्हणाला तर त्याला स्वतःची लाज वाटावी, हे ते काम. नोकरी सोडावी की नाही या विचारात असलेल्या शिक्षकानं आधी हे वाक्य डोक्यातून काढावं आणि मग वही-पेन घेऊन बसावं. हिशोबात राहायचं निघालं तर राहावं, जायचं निघालं तर जावं. कशासाठीही कुणाची माफी मागू नये.

हे लांबून बोलत नाहीये. माझी मोठी बहीण सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, खासगी संस्थेच्या हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवते. एम.एस्सी., बी.एड. नऊ वर्षं झाली. ती ज्या वाढीव तुकडीवर आहे त्या तुकडीला आधी अनुदानच नव्हतं. मग २० टक्के आलं, आता ४० टक्के आहे. ज्यांना ही भाषा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: शासन तिच्या पगाराचा ४० टक्के भाग देतं, उरलेला संस्थेनं द्यायचा असतो आणि संस्था तो देत नाही. पहिली चार वर्षं तिनं फुकट शिकवलं. त्याच स्टाफरूममध्ये तिच्या शेजारी बसणाऱ्या, तेवढेच तास घेणाऱ्या, पूर्ण अनुदानित पदावरच्या बाईंना पूर्ण वेतनश्रेणी मिळते. मला तेविसाव्या वर्षी पहिल्या नोकरीत जे मिळालं, तेवढं ताईला आज छत्तिसाव्या वर्षी मिळत नाही. आणि गणित मला तिनंच शिकवलंय.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला तिनं मला हळूच विचारलं, "राजीनामा कसा लिहितात रे?" रविवारी दुपारचं जेवण झालं की तिच्या पोटात गोळा येतो. रक्तदाबाची गोळी सुरू झालीय. हे घरात कळलं आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस धुरळा उडाला. त्या तीन दिवसांत जे मुद्दे आले, तेच उभ्या महाराष्ट्रात शिक्षकांना ऐकवले जातात. म्हणून एकेक घेतो.

'सुट्ट्या किती असतात!'

हा मुद्दा काकांचा. त्यांना उत्तर म्हणून मी ताईला एक काम सांगितलं. आमच्याकडे सिस्टिम मंदावली की आधी लॉग बघतात. कोण काय म्हणतंय ते नंतर, वेळ कुठे गेला ते आधी. तसं तिनं सोमवार ते रविवार, सात दिवस, मिनिटांसकट वहीत लिहून काढलं. जानेवारीतला साधा आठवडा होता. परीक्षा नाही, स्नेहसंमेलन नाही.

एकूण काम ५७ तास. त्यात प्रत्यक्ष तासिका ३२, प्रत्येकी ३५ मिनिटांच्या. म्हणजे १८ तास ४० मिनिटं. वह्या तपासणं आणि दुसऱ्या दिवशीची तयारी ११ तास. उरतात २७ तास २० मिनिटं. त्यातले ८ तास ऑनलाइन माहिती भरण्यात गेले: यू-डायस, विद्यार्थ्यांच्या आधारची जुळवणी, शिष्यवृत्तीचे अर्ज. सर्व्हर दिवसा चालत नाही म्हणून हे काम रात्री अकराला. पोषण आहाराच्या नोंदी ३ तास. बीएलओ म्हणून मतदार यादीचं काम ६ तास, त्यातला बराचसा रविवार. संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाचा कार्यक्रम, त्याची तयारी आणि रांगोळी ५ तास. बाकीचे ५ तास २० मिनिटं बैठका, गैरहजर शिक्षकांचे बदली तास आणि 'तात्काळ, आजच, दुपारी दोनपर्यंत' अशा परिपत्रकांना उत्तरं देण्यात गेले.

आता हे कायद्याशेजारी ठेवून पाहा. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. पहिली ते आठवीसाठी असलेल्या या कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान तास लिहिलेत: अध्यापन आणि त्याची तयारी मिळून ४५. ताईचं अध्यापन आणि तयारी मिळून भरतात २९ तास ४० मिनिटं. ती कामचुकार आहे म्हणून नव्हे. ती आठवड्याला ५७ तास राबते, पण शिकवायला तिला निम्म्याहून थोडाच जास्त वेळ मिळतो.

याच कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. अपवाद तीन: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक. म्हणजे बीएलओचं काम अपवादात बसतं. २००७ साली सर्वोच्च न्यायालयानं निवडणुकीच्या कामाबद्दल सांगितलं होतं की ते शिक्षकांना सुट्टीच्या आणि शाळा नसलेल्या दिवशी द्यावं. यात मुलांचा तास वाचला हे चांगलंच झालं. शिक्षकाचा रविवार मात्र गेला. कायद्याच्या नजरेत तो रविवार मोकळाच पडलेला होता.

आणि काकांची लाडकी उन्हाळ्याची सुट्टी? एप्रिल-मे महिन्यांत ताई आणि तिचे सहकारी वाड्या-वस्त्यांवर फिरून पुढच्या वर्षासाठी विद्यार्थी गोळा करतात. पट घसरला तर संचमान्यतेत पद जातं. पद जाऊ नये म्हणून शिक्षक स्वतःच्या खिशातून मुलांना वह्या-दप्तरं देतात, रिक्षाचं भाडं भरतात. मार्केटिंगचं काम मार्केटिंगचं नाव न देता करून घेतलं जातं, आणि त्याला सुट्टी म्हणतात.

'पवित्र' हा शब्द कुणाच्या कामाचा?

हा शब्द नुसता भाषणातला असता तर मी त्याच्यावर एवढा चिडलो नसतो. पण तो न्यायालयात गेला, कायद्यात शिरला आणि त्याची किंमत शिक्षकांनी रुपयांत मोजली.

गोव्यातल्या एका शाळेनं एका शिक्षिकेला कामावरून काढलं. तिनं औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८८ साली निकाल लागला. सुंदरंबाल खटला म्हणून तो ओळखला जातो. न्यायालयाच्या म्हणण्याचा सारांश असा: शिक्षण देणं हे ध्येयकार्य आहे, उदात्त व्रत आहे. शिक्षकाचं काम अंगमेहनतीचं नाही, कारकुनी नाही, तांत्रिक नाही, देखरेखीचंही नाही. म्हणून शिक्षक हा त्या कायद्यातला 'कामगार' नाही. कौतुक आणि नकार एकाच निकालपत्रात मिळाले. (ताईचा वरचा लॉग वाचून शिक्षकाचं काम कारकुनी नाही असं कोण म्हणेल, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो.)

ग्रॅच्युइटीचं तेच. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ग्रॅच्युइटी कायद्यातल्या 'कर्मचारी' या व्याख्येत शिक्षक बसत नाही. कारखान्यातल्या, दुकानातल्या माणसाला जे मिळत होतं ते शिक्षकाला नाही. शेवटी २००९ साली संसदेनं कायदा दुरुस्त केला आणि ३ एप्रिल १९९७ पासून तो लागू केला. त्यावर खासगी शाळांनी काय केलं? दुरुस्तीलाच न्यायालयात आव्हान दिलं. ते २०२२ साली फेटाळलं गेलं. दर वर्षी ५ सप्टेंबरला शिक्षकांना गुलाबाचं फूल देणाऱ्या शाळांमध्ये ग्रॅच्युइटी द्यावी लागू नये म्हणून कोर्टात गेलेल्या शाळाही होत्या.

आता महाराष्ट्रात या. शिक्षक म्हणून लागलात की पहिली तीन वर्षं तुम्ही शिक्षक नसता, 'शिक्षण सेवक' असता. पगार नसतो, 'मानधन' असतं. २०२३ च्या सुरुवातीपर्यंत प्राथमिक शाळेतल्या शिक्षण सेवकाचं मानधन महिना ६,००० रुपये होतं. महिन्याचे २५ दिवस धरले तर दिवसाला २४० रुपये. २०२२-२३ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २५६ रुपये होती. आता ते मानधन १६,००० आहे, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,०००. वाढ झाली हे खरंच. पण 'सेवक' आणि 'मानधन' हे शब्द नीट वाचा. आमच्याकडे प्रशिक्षणातल्या पोरालासुद्धा 'सॅलरी' मिळते. 'मानधन' म्हटलं की पैसे कमी का, हे विचारायची सोयच उरत नाही, कारण तुम्हाला मान मिळालेला असतो.

आणि या भरतीसाठी शासनानं जे पोर्टल काढलं, त्याचं नाव 'पवित्र'. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून केलेलं लघुरूप आहे, पण जुळवताना हाच शब्द सुचला हे काही मला आश्चर्याचं वाटत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. तुम्हाला आठवत असेल, महिनाभर मीम्स चालले. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. तुमच्या घामावर आमचा फायदा, वर राष्ट्रउभारणीची फोडणी, असं आम्ही सगळे हसत होतो. बरोबरच होतं ते हसणं. पण शिक्षकांना हीच राष्ट्रउभारणी प्रत्येक शिक्षक दिनाला वाढली जाते आणि आपण ती सूर्योदयाचा फोटो लावून फॉरवर्ड करतो.

आता सावित्रीबाईंबद्दल, कारण शेवटी सगळे तिथेच येतात. "सावित्रीबाईंनी शेण-चिखल झेलला आणि तुला ऑनलाइन फॉर्म जड होतात?" हे आत्यानं ताईला लिहिलं. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात शाळा सुरू करणाऱ्या बाई आणि जोतिराव ज्या समाजव्यवस्थेविरुद्ध उभे होते, ती व्यवस्था त्यांना थांब म्हणत होती. त्या थांबल्या नाहीत. त्यांचा फोटो भिंतीवर लावून, त्याच्याखाली बसून, 'वरच्यांनी सांगितलं ते निमूटपणे कर' असं एका शिक्षिकेला ऐकवणं हा त्या बाईंचा अपमान आहे. निमूटपणा हा त्यांचा वारसा नाही.

'दिलेल्या पैशांचं काय?'

हा प्रश्न पप्पांचा, आणि तो त्यांनी ग्रुपवर टाकला नाही, फोन करून विचारला. नोकरी लागताना संस्थेनं 'इमारत निधी' म्हणून जी रक्कम घेतली, त्यासाठी आमची पाऊण एकर जमीन गेली. पावती नाही. इमारत अजून पत्र्याचीच आहे. अशी घरं महाराष्ट्रात किती असतील याची मोजदाद कोण करणार, पण हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांना आपल्याच घरातलं कुणीतरी आठवलं असेल.

पप्पांची वेदना खरी आहे. त्यांचा हिशोब मात्र चुकतो. ते पैसे ताई राहिली तरी परत येणार नाहीत आणि गेली तरी येणार नाहीत. ते गेले. आता प्रश्न एवढाच आहे की त्या पैशांमागे तिच्या आयुष्याची आणखी बावीस वर्षं घालायची का. एखाद्या प्रोजेक्टवर दोन वर्षं घालवली म्हणून तिसरं वर्षही घालवायचं, हे आमच्याकडे सगळ्यात महाग पडणारं दुखणं समजतात. आणि अनुदानाचा टप्पा हा तर कायम पुढच्या अधिवेशनात असतो. २००९ साली 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' हा शब्द शासनानं काढला, तेव्हापासून आझाद मैदानावर बसलेल्या शिक्षकांचे केस पांढरे झाले. पुढचा शासन निर्णय येईल, मग सगळं ठीक होईल, या आशेवर माणूस निवृत्तीपर्यंत पोचतो.

'मुलांचं काय?'

हा सगळ्यात जड प्रश्न. तो आईचा होता. त्याच्यावरून ताई रात्रभर जागी राहिली, म्हणून त्याला शांतपणे उत्तर देतो.

मुलांचं नुकसान होतं. ते नाकारण्यात अर्थ नाही. तालुक्याच्या गावात दहावीला भूमिती समजावून सांगणारी बाई गेली, तर ज्यांना क्लासची फी परवडते त्यांचं फारसं अडत नाही. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांचं अडतं. मी नववीत असताना आमचे विज्ञानाचे सर वर्षाच्या मध्यात सोडून गेले. पुढचे सात महिने ती जागा रिकामी होती. प्रकाशाचं परावर्तन आम्ही गाइडमधून पाठ केलं.

पण त्या सात महिन्यांकडे जरा बघा. सरांनी जाण्याचा निर्णय एकदा घेतला. जागा रिकामी ठेवण्याचा निर्णय मात्र सात महिने, रोज, कुणीतरी घेत होतं. त्या कुणीतरीचं नाव गावात एकानंही घेतलं नाही. सरांचं नाव मात्र वर्षभर निघत होतं.

हेच मोठ्या पातळीवर. राज्यात शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली. पुढची झाली थेट फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये. मधली पाच वर्षं शिक्षक निवृत्त होत होते, वर्ग जोडले जात होते, एकेक शिक्षक दोन-दोन इयत्ता सांभाळत होता. त्या पाच वर्षांत 'मुलांचं काय' हा प्रश्न मंत्रालयात विचारून कुणाला रात्रभर झोप लागली नाही, असं काही माझ्या ऐकिवात नाही. हा प्रश्न फक्त एका माणसाला विचारला जातो: ज्याच्याकडे निर्णयाचा सगळ्यात कमी अधिकार आहे त्याला.

शिवाय मुलांना कोण हवं असतं? पोटात गोळा घेऊन वर्गात आलेली, सगळ्यांवर खेकसणारी, फळ्यावर गणित टाकून मोबाइलवर आधार क्रमांक जुळवणारी बाई? ताई स्वतः म्हणते, "मी पहिल्यासारखी शिकवत नाही, हे मला वर्गात उभी असताना कळतं." ती राहिली तर मुलांना ती मिळणार नाहीये. मुलांना तिचं उरलेलं काहीतरी मिळणार आहे.

वर्षाच्या मध्यात मुलांना सोडू नये, हे मला पटतं. त्यासाठी पावित्र्य लागत नाही, नियम आहेत. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आहे. कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. आमच्याकडेही नव्वदच दिवस असतात. जानेवारीअखेर पत्र दिलं तर दहावीची परीक्षा होते, वार्षिक होते, निकाल लागतो आणि एप्रिलअखेर माणूस मोकळा होतो. पुढच्या जूनपर्यंत नवा शिक्षक आणणं हे संस्थेचं काम. चार महिने पुरत नसतील तर दोष पत्र देणाऱ्याचा नाही.

त्याच कायद्याचं कलम ७ प्रत्येक शिक्षकानं एकदा वाचावं. राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही करायची, तारीख टाकायची, एक प्रत नोंदणीकृत पोस्टानं व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःकडे ठेवायची. एवढी बारकाई कशाला? शिक्षकांना हे सांगावं लागत नाही. रुजू होतानाच तारीख न टाकलेल्या कागदावर सही घेऊन ठेवायची रीत ज्यांनी पाहिलीय, त्यांना हे कलम कुणापासून वाचवायला लिहिलंय ते बरोबर कळतं. पवित्र पेशाच्या कायद्याला ही खबरदारी घ्यावी लागली.

'राहा आणि लढ'

हा मुद्दा घरातला नाही, माझ्या एका मित्राचा. तो संघटनेत काम करतो आणि मला त्याच्याबद्दल आदर आहे. त्याचं म्हणणं असं की चांगली माणसं सोडून गेली तर लढणार कोण? मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी शिक्षक-कर्मचारी संपावर गेले तेव्हा सरकारला बोलणी करावी लागली. विधान परिषदेत सात जागा शिक्षक मतदारसंघाच्या आहेत. एवढं बळ दुसऱ्या कोणत्या पेशाला आहे?

बळ आहे, पण ते सगळ्यांचं नाही. राज्यघटनेच्या कलम १७१ नुसार शिक्षक मतदारसंघात मत देता येतं ते माध्यमिक आणि त्यावरच्या संस्थांतल्या शिक्षकांना. पहिलीच्या मुलाला अक्षर ओळखायला शिकवणाऱ्याला तिथे मत नाही. आणि ज्याला मत आहे त्यालाही संस्थाचालक मतदानाच्या आदल्या दिवशी जेवायला बोलावतो.

लढणाऱ्यांनी जरूर लढावं. पण लढा ही स्वखुशीची गोष्ट आहे. रक्तदाबाची गोळी घेऊन, घर चालत नसताना, कुणी लढायला नाही म्हणालं तर तो पळपुटा ठरत नाही.

इथे माझ्या बाजूची एक अडचणही सांगतो. २०२१-२२ मध्ये आम्ही इंजिनिअर लोक धडाधड नोकऱ्या बदलत होतो आणि कंपन्यांनी पगार वाढवले. ते काही प्रेमानं नाही, माणसं मिळेनात म्हणून. शिक्षकांबाबत हे होणार नाही. डी.एड., बी.एड. करून बसलेल्या मुलामुलींची रांग दारात उभी आहे. ताई गेली तर संस्थेला दुसरी ताई मिळेल, आणि तिच्या बापाकडूनही 'इमारत निधी' घेतला जाईल. त्यामुळे राजीनाम्यानं व्यवस्था सुधारेल असं मी म्हणणार नाही. राजीनाम्यानं एक बाई रात्री झोपू शकेल. मला तेवढं कारण पुरेसं वाटतं.

हिशोब

मग ठरवायचं कसं? मी ताईला "कोडिंग शीक, आयटीत ये" असं म्हणालो नाही. हे सल्ले देणाऱ्यांनी आमच्याकडची कपात आणि छत्तिसाव्या वर्षी फ्रेशर म्हणून मुलाखत देणं काय असतं ते एकदा बघावं. मी तिला तिच्याच लॉगवर खुणा करायला सांगितल्या. जो वेळ बरा गेला त्याला हिरवी, जो खात होता त्याला लाल.

३२ पैकी २६ तासिका हिरव्या निघाल्या.

हे पाहून ती बराच वेळ गप्प बसली. कारण तिला वाटत होतं की तिला शिकवणंच नकोसं झालंय. तसं नव्हतं. तिला संस्था नकोशी झालीय, रात्री अकराचं पोर्टल नकोसं झालंय, वाढदिवसाची रांगोळी नकोशी झालीय. सोडण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक शिक्षकानं हा फरक आधी तपासावा. शिकवण्याचेच तास लाल निघाले तर पेशा बदलायला हवा, आणि त्यात कमीपणा नाही. शिकवण्याचे तास हिरवे असतील तर शाळा सोडणं म्हणजे शिकवणं सोडणं नव्हे. दुसरी शाळा आहे, स्वतःचा छोटा वर्ग आहे, 'पवित्र'वरून पूर्ण वेतनाच्या पदासाठी पुन्हा प्रयत्न आहे.

दुसरा आकडा घरखर्चाचा. तिचा पगार बंद झाला तर दाजींच्या पगारात आणि शिल्लक रकमेत किती महिने निघतात? त्यांनी बसून काढलं: सात. तिसरा प्रश्न तारखेचा. पुढच्या वर्षभरात इथे काही बदलणार असेल तर ते कोणत्या तारखेला, कोणत्या कागदानं? 'होईल काहीतरी' हे उत्तर धरायचं नाही. चौथं, शरीराचं ऐकायचं. रक्तदाबाचे आकडे खोटं बोलत नाहीत.

या यादीत 'लोक काय म्हणतील' नाही, सावित्रीबाई नाहीत आणि 'पवित्र' हा शब्द नाही. एवढं काढून टाकल्यावर निर्णय सोपा होत नाही. पण तो तिचा होतो.

शाळा सोडताना मुलाला जो दाखला मिळतो, त्यात 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. वर्गातल्या सगळ्यात व्रात्य पोरालाही तिथे 'चांगली' असंच लिहून देतात, कारण पुढे त्याचं अडू नये. शाळा सोडणाऱ्या शिक्षकाला एवढाही दाखला आपण देत नाही. नऊ वर्षांपैकी चार वर्षं फुकट शिकवलेली बाईसुद्धा जाताना 'झेपलं नाही' हा शेरा घेऊन जाते.

ताईचं अजून ठरलेलं नाही. ३१ जानेवारीपर्यंत वेळ आहे. दोन प्रती लिहून कपाटात ठेवल्यात, तारखेची जागा मोकळी आहे आणि ती तारीख दुसरं कुणी टाकणार नाही.

तुम्ही हे फोनवर वाचत असाल तर त्याच फोनमध्ये तुमच्या शाळेतल्या एखाद्या बाईंचा, सरांचा नंबर असेल. येत्या ५ सप्टेंबरला त्यांना सूर्योदयाचा फोटो पाठवण्याऐवजी फोन करा आणि पगार वेळेवर होतो का ते विचारा. नाही म्हणाले तर किती महिन्यांचा थकलाय तेही विचारा. आणि ते म्हणाले की नोकरी सोडतोय, तर 'मुलांचं काय' हा प्रश्न त्यांना विचारू नका. तो संस्थेच्या अध्यक्षांना विचारा, शिक्षणाधिकाऱ्यांना विचारा, मत मागायला दारात आलेल्या आमदाराला विचारा. त्याचं उत्तर देणं त्यांचं काम आहे.